दुसरी हाक

सिस्टरांच्या डाव्या कानात दिवसभर कापसाचा बोळा असायचा. दुकानातला, निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस नव्हे. शाळेच्या कुंपणापलीकडच्या शेतातला, बोंडातून ओढलेला, बोटांनी सरकी काढून वळलेला. कान फुटलेला नव्हता, सर्दीही नव्हती. मी नवीन असताना एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "टीचर, हा कान संध्याकाळचा आहे. दिवसभर वापरला तर मळतो." बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. पुढे त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली, पण ते मत काही पुरतं बदललं नाही.

शाळा मुकुटबनच्या रस्त्याला, एका मुरमाड टेकाडावर. मिशनची शाळा, शेजारी मुलींचं बोर्डिंग, मधे एक जुना कडुलिंब आणि चहूकडे कपाशी. सिस्टर हेडमिस्ट्रेस, मूळच्या केरळातल्या. उंच, वाळक्या, पायात रबरी चपला, ऊन असो नसो हातात काळी छत्री. चालताना आवाज होऊ नये म्हणून जपमाळसुद्धा मुठीत धरून चालत. आणि बोलत त्या फक्त कुजबुजत. वर्गात, प्रार्थनेत, एखादीला रागावतानासुद्धा. त्यांचा स्वतःचा मोठा आवाज कसा आहे, हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

दिवस बुडायला आला की त्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहत, कानातला बोळा काढत, डोळे मिटत आणि मुलींना जेवायला हाका मारत. प्रत्येकीला वेगळी. पण त्या हाका सिस्टरांच्या नसत. एक तांड्यावरच्या बाईची, भांडल्यासारखी ठसठशीत. एक बसस्टँडजवळच्या पंक्चरवाल्याच्या बायकोची, 'बेटा' म्हणताना लाडात लांबणारी. एक कुणब्याघरची, निम्मं नाव गिळून टाकणारी. एक पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, मधली टेकडी ओलांडून आल्यासारखी. तोंड एकच, ओठही फारसे हलत नसत, आणि व्हरांड्यातून एकामागून एक बायका बोलून जात. पहिल्या संध्याकाळी हे कानावर आलं तेव्हा खांबांमागे कोण उभ्या आहेत ते बघायला मी खरोखर गेले होते. तिथे ओले टॉवेल वाळत घातलेले होते, बाकी कोणी नाही.

हा प्रकार सुरू झाला तो बोर्डिंग ओस पडायला लागलं म्हणून. पोडांवरून, तांड्यांवरून आणलेल्या मुली सांज झाली की घराच्या दिशेला तोंड करून कुंपणाला चिकटून बसत. जेवणाची घंटा वाजवली तरी उठत नसत. एखादी तारेखालून निसटून पळूनही जाई. वरच्या मदरचं म्हणणं, शिस्त लावा. सिस्टरांनी छत्री घेतली आणि एसटी पकडली. प्रत्येक मुलीच्या घरी गेल्या, दिला तो कोरा चहा प्यायल्या, आणि आईला म्हणाल्या, "हिला हाक मार. माझ्यासाठी नको. रोज मारते तशी." बाया पदर तोंडात धरून हसायच्या. सिस्टर डोळे मिटून बसायच्या, कितीही वेळ. एकदा ऐकली की झालं. लिहून काही घेत नसत.

पुढे तो शाळेचा नियमच झाला. प्रवेश मागाहून, आधी हाक. घर डॉक्टरचं असो की मजुराचं. मी रुजू झाले तेव्हा तर सिस्टर यवतमाळला आमच्या घरीही आल्या. माझे वडील कचेरीत कारकून, आमचं घर अगदी रीतभात सांभाळणारं. आईने पोहे केले, ठेवणीतल्या बशा काढल्या आणि पाहुण्यांसमोर बोलतात त्या आवाजात मला म्हणाली, "बेटा, जरा इकडे येतेस का?" सिस्टरांनी मान हलवली. "टीचर, हा आवाज शोकेसमधला आहे." आणि त्या बसून राहिल्या. आई कंटाळून आत गेली, दूध उतू गेलं आणि आतून तोफ सुटली, "ए भवाने, कुठे उलथलीस!" सिस्टर लगेच उठल्या, छत्री घेतली, नमस्कार केला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते आणि पाठीमागून आई ओरडली, "ए भवाने!" माझ्या हातातला चहा पेपरांवर सांडला. मागे सिस्टर उभ्या, चेहऱ्यावर काहीही नाही. "बरोबर आहे ना, टीचर?" एवढंच विचारलं. मला हसू आलं, पण तास संपेपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं.

याच हाकेने त्या शिक्षाही करत. एखाद्या मुलीने दुसरीला 'ए कोलामीण' किंवा 'ए तांड्यावाली' म्हटलं की सिस्टर तिच्या बाकापाशी जाऊन तिला तिच्याच आईच्या आवाजात नावाने हाक मारत. बस, तेवढंच. मुलगी ओंजळीत तोंड खुपसून रडायला लागे. छडीला न भिणाऱ्या पोरी या हाकेला भीत. हळूहळू आमच्या शाळेत मुली एकमेकींना घरच्यांसारख्याच हाका मारू लागल्या. वकिलाची मुलगी तांड्यावरच्या मैत्रिणीला तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, चालीवर बोलवायची. ते ऐकायला गोड वाटे, आणि कधी कधी अंगावर काटाही येई.

गावात बोलवा होताच. सिस्टरांच्या अंगात येतं म्हणे. पालकांच्या एका सभेत गावातले कृषी केंद्राचे मालक उभे राहिले. "आमी फी भरतो ना सिस्टर? मंग आमच्या पोरीनं पोडावरच्या बायांचे आवाज काहून आयकाचे? पोरगी घरी येऊन सांगते, आमच्या मॅडमच्या पोटात लय बाया हायेत." लोक हसले. सिस्टर टेबलामागे शांत बसलेल्या. त्यांचे ओठ किंचित हलले, आणि खोलीत कोणीतरी बाई वैतागून म्हणाली, "अवो, आयकलं काय?" मालक अर्धे वळले आणि बोलून गेले, "आलो, आलो." मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांची बायको त्या आठवड्यात नेरला माहेरी गेलेली होती. ते छत्री तिथेच टाकून गेले. मुलगी मात्र शाळेत राहिली.

सिस्टरांना एक कधीच जमलं नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला कोणी एकदाच हाक मारली तर ओ देत नाहीत. पहिली हाक कोणाचीही असू शकते. जिवंत माणूस दुसऱ्यांदा मारतो, दुसरं काही असलं तर ते एकदाच मारतं. आमच्याकडचं मूल हे चालायच्या आधी शिकतं. सिस्टरांना हे ठाऊक नव्हतं. त्या एकदाच हाक मारत आणि मुली कडुलिंबाखाली दगडासारख्या बसून राहत. शेवटी स्वयंपाकाच्या मंजुळाबाईंनी त्यांना सांगितलं, "सिस्टर, सांजच्या पारी एक्या हाकेले कोनी उठत नाही, बाप्पा. दोनदा मारा." सिस्टर मान डोलवत आणि पुन्हा विसरत. आवाज एवढा हुबेहूब, पण दुसरी हाक ध्यानात राहत नसे. मग मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभ्या राहत आणि ओरडत, "दुसरी, सिस्टर! दुसरी!" मुली खुदखुदत. त्या हसण्यामुळे सगळा प्रकार थोडा माणसांत यायचा.

लच्छी आली ती त्याच सुमाराला. तिसरीत होती, एका आडबाजूच्या पोडावरची. मोठाले डोळे, तोंडातून शब्द नाही. दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सिस्टर तिच्या घरी जाऊन आल्या आणि संध्याकाळी व्हरांड्यातून हाक आली, "लच्छेऽऽ." खालून सुरू होणारी, मधे जराशी फाटणारी, आणि शेवटी एक बारीक खोकला. सिस्टरांनी खोकलासुद्धा आणला होता. दुसरी हाक मारली तशी लच्छी सुसाट धावली, सिस्टरांच्या बाजूने पुढे गेली, खांबामागे बघितलं, दारामागे बघितलं. मग भिंतीला कान लावला. मंजुळाबाईंना तिने पहिलं वाक्य विचारलं ते हे, "माही माय भित्तीत हाय काय?" मंजुळाबाईंनी ताट वाढून दिलं. लच्छी जेवली. त्यानंतर रोज ती डोळे मिटून धावत यायची, सिस्टरांकडे न बघता ताट घ्यायची, आणि भिंतीला पाठ लावून जेवायची.

मला ते आवडायचं नाही. मी सिस्टरांना तसं म्हटलंही, की लेकराला तुम्ही खोट्यावर वाढवता आहात. त्या कुजबुजल्या, "टीचर, रोप नवीन जागी लावताना मुळाला जुनी माती ठेवतात. मग ती माती कुठे गेली, कोणी विचारत नाही." मी वह्या उचलून निघाले, पण लच्छी भिंतीला पाठ घासताना दिसली की मी वाट बदलून जायचे.

मग ते फवारणीचं वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, आणि पाठीवर पंप घेतलेले मजूर तिच्यात बुडून जायचे. फवारा वरून त्यांच्याच तोंडावर यायचा. वर्गात खिडक्या लावल्या तरी तो उग्र वास वहीच्या पानांना लागायचा. यवतमाळच्या दवाखान्यात डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं ओळीने पडली आहेत, असं आई फोनवर सांगायची. सभेत, पेपरात बोंडअळीच्या गोष्टी चालल्या होत्या. दवाखान्यात दाखल झालेल्यांत बायाही आहेत, हे फार कोणी बोलत नव्हतं. लच्छीची आई दुसऱ्याच्या शेतात फवारणीचं पाणी वाहायची आणि औषध कालवायची, हाताने.

त्या संध्याकाळी मी गावातल्या माझ्या खोलीवर निघाले होते. शाळेच्या फाटकापाशी एक माणूस सायकल धरून उभा होता. हा लच्छीचा बाप, हे मी ओळखलं. आत यायला सांगणार एवढ्यात व्हरांड्यातून हाक आली, "लच्छेऽऽ." मधे फाटलेली, शेवटी खोकला. मग मंजुळाबाईंचं "दुसरी!", आणि पुन्हा, "लच्छेऽऽ." माणसाच्या हातातली सायकल सुटली. तो मुरमावर खाली बसला. कडुलिंबाखालून लच्छी डोळे मिटून धावत गेली.

"मॅडम," तो म्हणाला, "आज सकायीच पुरलं आमी तिले."

मी त्याला ऑफिसात नेलं. सिस्टर आल्या, त्यांना सांगितलं. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग बापच बोलला, रागाने नाही, समजावल्यासारखा. "तुमी चांगल्या हा सिस्टर, मी नाही म्हनत नाही. पन मेलेल्या मानसाच्या हाकेले ओ देल्ला का मानूस त्याच्या मांगं मांगं जाते. लच्छी धावत गेली, म्या पायलं. आता तिले इथं कशी ठेवू? इथं तिची मेलेली माय तिले जेवाले बोलावते."

"तिला सांगितलं?" सिस्टरांनी विचारलं.

"मले नाही सांगता येत." तो खिडकीतून बघत होता. समोर लच्छी भिंतीला टेकून भात खात होती. "जेवून राह्यली ना थे."

सिस्टरांनी त्याच्याकडे एक दिवस मागितला. उद्या संध्याकाळी या, त्यानंतर न्यायची तर न्या. तो गावात सोयऱ्याकडे राहिला.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या कानात बोळा नव्हता. एवढ्या वर्षांत मी तो कान दिवसा उघडा पहिल्यांदाच पाहिला. लच्छीला सांगायचं कोणी आणि कसं, हे माझ्या डोक्यात घोळत होतं. मी दोनदा तिच्या वर्गापर्यंत जाऊन परत आले. मधल्या सुट्टीत चॅपलवरून जाताना आतून एक आवाज ऐकू आला, बंद पडलेल्या हातपंपाचा दांडा कोणी ओढावा तसा. थांबला, पुन्हा आला. दार ढकलायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळ झाली. बाप फाटकाच्या आत येऊन उभा राहिला. सिस्टर व्हरांड्यात आल्या आणि नेहमीसारख्या एकेक आया बोलू लागल्या. मुली उठून गेल्या. कडुलिंबाखाली लच्छी एकटी उरली, डोळे मिटून, पळायला तयार. सिस्टरांनी श्वास घेतला.

"लच्छेऽऽ."

खोकला झाला. मंजुळाबाई दारात आल्या, पळी वर गेली, तोंड उघडलं, आणि त्यांनी फाटकातल्या बापाकडे पाहिलं. पळी खाली आली. दुसरी हाक आली नाही.

लच्छी निघाली होती ती मधेच थांबली. पाय अर्धवट उचललेला. ती वाट बघत होती. कपाशीवरून वारा आला, औषधाचा वास आला, पण हाक आली नाही. मी तिचा चेहरा बघत होते, आणि बघू नये असं वाटत होतं. तिने डोळे उघडले. व्हरांड्यातल्या सिस्टरांकडे पाहिलं, मग वळून बापाकडे पाहिलं. बापाने मान खाली घातली. पोडावरच्या पोरीला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

त्या थांबल्या त्या मुद्दाम, की नेहमीसारख्या विसरल्या, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्यानंतर एक आवाज आला तो आम्ही कोणी पूर्वी ऐकलेला नव्हता. घोगरा, बेसूर, गंजलेला. "लच्छी." तो सिस्टरांचा स्वतःचा आवाज होता. आपल्यालाच तो ओळखीचा नसल्यासारख्या त्या दचकल्या.

"दुसरी, सिस्टर," मंजुळाबाई रडत ओरडल्या, "दुसरी मारा ना वो!"

"लच्छी!"

मग लच्छी म्हणाली, "ओ." अगदी हळू. ती सिस्टरांकडे गेली नाही, आधी बापाकडे गेली आणि त्याच्या पोटात डोकं खुपसून तिने हंबरडा फोडला.

बाप तिला आईच्या दिवसांसाठी घरी घेऊन गेला. ती परत येणार नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण दिवस झाल्यावर त्यानेच तिला सायकलवर आणून सोडलं. सिस्टरांना म्हणाला, "तुमी तुमच्या आवाजानं बोलावसान तं राहू द्या. तुमचा आवाज जित्त्या मानसाचा हाय." तेव्हापासून लच्छीला हाक आली ती त्याच बेसूर आवाजात, आणि दुसरीसाठी मंजुळाबाईंना तेव्हाही ओरडावं लागे. बाकीच्या मुलींना हेवा वाटायचा. सिस्टरांचा खरा आवाज फक्त लच्छीच्या वाट्याला होता.

लच्छी नववीत असताना सिस्टरांची बदली झाली, मग आजारपण निघालं, मग केरळातल्या त्यांच्या मठात कायमचा मुक्काम. नवीन सिस्टरांनी जेवणाला घंटा सुरू केली. आता मुली घंटेलाही येत होत्या.

लच्छी दहावीत होती. एका संध्याकाळी मी तिला निबंध समजावत कडुलिंबाच्या पारावर बसले होते. घंटा होऊन गेली होती, मुली आत जेवत होत्या. व्हरांडा रिकामा होता.

"लच्छी."

घोगरा, बेसूर, गंजलेला. व्हरांड्यात कोणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात मंजुळाबाई आल्या, हातात पळी, आणि सवयीने बोलून गेल्या, "दुसरी, सिस्टर." मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. म्हणजे त्यांनीही ऐकली होती. आम्ही तिघी तशाच थांबलो. कपाशीच्या बाजूला एक टिटवी ओरडून गेली. दुसरी हाक आली नाही.

लच्छी उठत होती. मी तिचं मनगट घट्ट धरलं. मी शिकलीसवरलेली बाई, पण मला रडू फुटत होतं. "लच्छी, ओ देऊ नको. एकदाच आली आहे."

तिने माझी बोटं सोडवली, घाई न करता.

"मॅडम, सिस्टरले दुसरी कधी ध्यानात राह्यली?" ती म्हणाली. "भुलली असन."

आणि तिने रिकाम्या व्हरांड्याकडे तोंड करून, सगळ्या टेकाडाला ऐकू जाईल अशी, ओ दिली. केरळातून फोन आला तो त्यानंतर, आम्ही ताटं घासत होतो तेव्हा.